पीएमसी बँक बुडाली तेव्हा लोक फक्त एक तारीख मागत होते

२४ सप्टेंबर २०१९, मंगळवार. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या खातेदारांच्या मोबाईलवर मॅनेजिंग डायरेक्टर जॉय थॉमस यांच्या नावाने मेसेज आला की रिझर्व्ह बँकेने सहा महिन्यांसाठी निर्बंध घातलेत, एमडी म्हणून जबाबदारी मी घेतो आणि सहा महिने संपायच्या आत सगळं सुरळीत करू. निर्बंध काय, तर एका खात्यातून हजार रुपये. रोज हजार नाही, महिन्याला पण नाही, पूर्ण सहा महिन्यांत मिळून हजार. सायन, भांडुप, मुलुंड, ठाणे, जिथे जिथे शाखा होती तिथे शटरसमोर गर्दी झाली, आणि त्या गर्दीत पहिल्या दिवसापासून दोनच प्रश्न होते. सरकार बँक वाचवणार का? आणि वाचवणार असेल तर कधी?

या प्रकरणावर तेव्हा खूप लिहून आलं, पण बहुतेक घोटाळ्यावर. घोटाळा कसा झाला ते मी पण सांगतो, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं सव्वादोन वर्षांचं थांबणं, जेव्हा ९ लाखांहून जास्त ठेवीदारांना कोणीच धड सांगत नव्हतं की वाचवणार की बुडवणार. पैसे जाणं वाईटच, पण पैसे गेलेत की आहेत हेच न कळणं त्याहून वाईट असतं, कारण मग माणूस रडून मोकळा पण होऊ शकत नाही आणि पुढचं प्लॅनिंग पण करू शकत नाही.

आधी घोटाळा. बँक १९८४ ला सायनमध्ये छोट्याशा जागेत सुरू झाली आणि २०१९ पर्यंत १३७ शाखा, महाराष्ट्राबाहेर पण पसरलेली, ठेवी साधारण ११,६०० कोटी. मार्च २०१९ च्या हिशोबात बुडीत कर्जं किती दाखवली होती तर ३.७६ टक्के, म्हणजे ताळेबंद वाचणाऱ्या शहाण्या माणसाला पण ही बँक चांगलीच वाटली असती. प्रत्यक्षात कर्जवाटपातला साधारण ७३ टक्के हिस्सा, ६,५०० कोटींच्या वर, एकाच बिल्डर ग्रुपकडे होता, एचडीआयएल. ती कर्जं थकली होती आणि हे लपवायला २१ हजारांच्या वर खोटी कर्जखाती कागदावर तयार केली होती, म्हणजे एका मोठ्या थकबाकीदाराच्या जागी हजारो छोटे नियमित कर्जदार दिसावेत म्हणून. बँकेचे चेअरमन वर्याम सिंग हे आधी एचडीआयएलच्या संचालक मंडळावर पण होते. ऑगस्ट २०१९ मध्ये एचडीआयएल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि मग झाकून ठेवणं शक्यच राहिलं नाही. ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने थॉमस, वर्याम सिंग आणि एचडीआयएलचे राकेश आणि सारंग वाधवान यांना अटक केली. केसेस कोर्टात गेल्या, त्यात मी शिरत नाही.

आता लोकांच्या डोक्यात काय चालू होतं ते बघा, कारण ते घाबरले हे अडाणीपणामुळे नाही असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या समज आहे की सरकार बँक बुडू देत नाही, आणि तो समज हवेतून आलेला नाही. जुलै २००४ मध्ये ग्लोबल ट्रस्ट बँकेवर निर्बंध आले आणि दोन दिवसांत तिचं ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्समध्ये विलीनीकरण जाहीर पण झालं, ठेवीदारांचा रुपया गेला नाही. पण सहकारी बँकांचा इतिहास वेगळा आहे, गुजरातची माधवपुरा बँक २००१ ला गाळात गेली आणि तिचं लायसन्स रद्द व्हायला २०१२ उजाडलं, पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ पासून निर्बंध होते आणि २०१९ मध्ये पण तिचे खातेदार वाटच बघत होते. म्हणजे पीएमसीच्या दारात उभ्या असलेल्या माणसासमोर दोन्ही उदाहरणं होती, दोन दिवसांचं आणि अकरा वर्षांचं. आपलं यातलं कुठलं, हे त्याला कोण सांगणार?

त्यात २०१७ ची एक भीती अजून ताजी होती. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने लोकसभेत एफआरडीआय नावाचं विधेयक मांडलं होतं, बुडणाऱ्या बँकांचं काय करायचं यावर, आणि त्यात बेल-इन म्हणून तरतूद होती, म्हणजे बँक वाचवायला बाहेरून पैसे आणायच्या ऐवजी बँकेला ज्यांचं देणं आहे त्यांच्याच पैशाला कात्री लावायची किंवा त्याचे शेअर करून टाकायचे. ही तरतूद व्हॉट्सॅपवरून घराघरात पोचली, सरकारने खुलासे केले, कोणाचा विश्वास बसला नाही आणि ऑगस्ट २०१८ मध्ये विधेयक मागे घ्यावं लागलं. कायदा गेला पण लोकांच्या मनात 'आपल्या ठेवीला हात लागू शकतो' हे राहिलं ते राहिलंच. त्यामुळे पीएमसीचं झाल्यावर दुसऱ्याच दिवशी नऊ बँका बंद होणार अशी अफवा फिरली, रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला, १ ऑक्टोबरला परत सांगावं लागलं की बँकिंग व्यवस्था सुरक्षित आणि स्थिर आहे, अफवांवर जाऊ नका. हे खरंच होतं. पण ज्याचे पैसे अडकलेत त्याला व्यवस्था स्थिर आहे हे ऐकून काय करायचंय, त्याला त्याच्या बँकेचं ऐकायचं होतं आणि त्याबद्दल त्या निवेदनात एक अक्षर नव्हतं.

बरं, मग विचारायचं कोणाला? सहकारी बँकांवर १९६६ पासून दुहेरी नियंत्रण आहे. बँकिंगचा भाग रिझर्व्ह बँकेकडे, संस्था म्हणून कारभार सहकार निबंधकाकडे, आणि पीएमसी बहुराज्य असल्याने तो निबंधक पण दिल्लीत. १० ऑक्टोबरला अर्थमंत्री निर्मला सीतारामन मुंबईत होत्या, नरिमन पॉइंटला भाजप ऑफिसबाहेर ठेवीदार जमले, त्या त्यांना भेटल्या, आणि सांगितलं की अर्थ मंत्रालयाचा यात थेट संबंध येत नाही, नियामक रिझर्व्ह बँक आहे, गव्हर्नरांशी बोलते, कायद्यात काय बदल लागतील ते बघायला सचिवांचा गट करते. कायद्याच्या भाषेत हे बरोबर आहे. पण २१ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं, त्याच्या दहा-अकरा दिवस आधी लोकांनी ऐकलं काय, तर 'आमचा संबंध नाही'. मग राज्यात नवीन सरकार आल्यावर डिसेंबरमध्ये मंत्री जयंत पाटील बोलले की पीएमसीचं राज्य सहकारी बँकेत विलीनीकरण करता येईल का बघतोय. लोकांच्या आशा परत वर गेल्या, पुढे त्याचं काही झालं नाही. केंद्र म्हणतं रिझर्व्ह बँक, रिझर्व्ह बँक म्हणते आम्ही बँकेवर नेमलेले प्रशासक बघतायत, प्रशासक म्हणतात हिशोब चालू आहे, आणि रोज सकाळी पेपर उघडणारा सत्तर वर्षांचा ठेवीदार यातून काय अर्थ काढणार? मला यात सगळ्यात जास्त राग कशाचा येतो तर प्रत्येकाचं बोलणं आपापल्या जागी बरोबर होतं, आणि तरी सगळं मिळून उत्तर शून्य होतं.

याच काळात पैसे काढायची मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत गेली. २६ सप्टेंबरला दहा हजार, ३ ऑक्टोबरला पंचवीस, १४ ऑक्टोबरला चाळीस, ५ नोव्हेंबरला पन्नास हजार आणि पुढच्या वर्षी जून २०२० मध्ये एक लाख. प्रत्येक पत्रकात एक वाक्य ठरलेलं असायचं, की आता इतके टक्के ठेवीदार आपली पूर्ण रक्कम काढू शकतात. ६० टक्के, मग ७०, मग ७७, ७८, शेवटी ८४. हे आकडे खरे होते पण ते जरा थांबून वाचायला हवेत. हे टक्के माणसांचे आहेत, पैशांचे नाहीत. ज्या खात्यात दोन-चार हजार पडून आहेत ते खातं पण एक, आणि ज्याने रिटायरमेंटचं सगळं आणून एफडीत टाकलं ते खातं पण एकच. ८४ टक्के सुटले म्हणजे प्रश्न सुटत आला असं वाटतं, पण ९ लाखांतले उरलेले १६ टक्के म्हणजे जवळपास दीड लाख माणसं होतात, आणि पैशाचा मोठा भाग नेमका त्यांचाच होता. आजारपण, लग्न, शिक्षण अशा कारणांसाठी जास्त रक्कम मिळायची सोय केली होती, पण त्याला कागद द्या, हॉस्पिटलचे पेपर दाखवा, अर्ज करा, मग मंजुरीची वाट बघा. स्वतःच्या पैशासाठी स्वतःचं आजारपण सिद्ध करायचं. त्या काही महिन्यांत निदर्शनांना जाऊन आलेल्या, टेन्शन घेतलेल्या काही ठेवीदारांचे मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या, त्या वाचताना तेव्हा पण हात थरथरले होते आणि आज लिहिताना पण बरं वाटत नाही.

मग लोक विचारायचे, अहो पण इन्शुरन्स असतो ना ठेवीला? असतो. डीआयसीजीसी म्हणून रिझर्व्ह बँकेचीच संस्था आहे, बँका तिला हप्ता भरतात, आणि १९९३ पासून हे कव्हर एक लाखाचं होतं. बहुतेकांना हे माहितीच नव्हतं, ऑक्टोबर २०१९ मध्ये एका मोठ्या खासगी बँकेच्या पासबुकावरच्या एक लाखाच्या शिक्क्याचा फोटो व्हायरल झाला तेव्हा लोक हादरले, नियम तर २६ वर्षं जुना होता. पण खरी गोम पुढे आहे. हा इन्शुरन्स मिळायचा कधी, तर बँकेचं लायसन्स रद्द होऊन ती अवसायनात गेली, म्हणजे बंद करून तिची मालमत्ता विकून देणी फेडायला काढली तर, किंवा विलीनीकरण झालं तर. नुसते निर्बंध असताना काहीच नाही. म्हणजे बँक मेलेली पण नाही आणि जिवंत पण नाही, अशा अवस्थेत ठेवीदार अडकला की ना बँक पैसे देणार ना इन्शुरन्स, आणि ही अवस्था किती दिवस चालेल याला कायद्यात कुठेच मर्यादा नव्हती. पहिले सहा महिने मार्च २०२० ला संपले आणि मुदत वाढवली. मग जूनमध्ये वाढवली, डिसेंबरमध्ये वाढवली, २०२१ मध्ये मार्च, जून आणि डिसेंबर अशी अजून तीनदा. एकूण सहा वेळा. प्रत्येक वेळी लोक ती तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवायचे.

आणि याच मध्ये येस बँक झालं, जे पीएमसीवाल्यांच्या काळजाला लागलं. ५ मार्च २०२० ला संध्याकाळी येस बँकेवर निर्बंध आले, पन्नास हजारांची मर्यादा, पण त्याच आदेशात ३ एप्रिलपर्यंत अशी तारीख होती. दुसऱ्या दिवशी आराखडा बाहेर, स्टेट बँक पुढे, अर्थमंत्री आणि गव्हर्नर दोघं टीव्हीवर सांगतायत की ठेवीदारांचे पैसे सुरक्षित आहेत, मग आयसीआयसीआय, एचडीएफसी, अ‍ॅक्सिस, कोटक यांनी पण पैसे घातले, आणि १८ मार्चला निर्बंध उठले. तेरा दिवस! पीएमसीला तोपर्यंत जवळपास सहा महिने झाले होते.

लोक म्हणाले मोठ्यांना वाचवतात आणि छोट्यांना मारतात. भावना मला पटते, पण कारण तेवढंच नाही. येस बँकेत ठेवी दोन लाख कोटींच्या आसपास होत्या, ती पडली असती तर बाकीच्या बँकांमधून पण लोकांनी पैसे काढले असते, हा एक भाग. दुसरा भाग जास्त तांत्रिक आहे आणि त्यावर फार कोणी बोललं नाही. येस बँक ही कंपनी आहे, तिचे शेअर विकत घेऊन स्टेट बँक मालक होऊ शकते. सहकारी बँकेत एक सभासद एक मत, शेअर दर्शनी किमतीलाच, म्हणजे कोणी हजार कोटी घेऊन आला तरी त्याला एकच मत मिळणार, मग तो येईल कशाला? वाचवायची इच्छा असली तरी पैसे आत घ्यायला दारच नव्हतं. आणि खड्डा केवढा, तर मार्च २०२० च्या हिशोबात ठेवी १०,७२७ कोटी आणि नेटवर्थ उणे ५,८५० कोटी, म्हणजे ठेवीच्या प्रत्येक रुपयातला अर्ध्याहून जास्त भाग जागेवर नव्हता. हे आकडे नंतरचे, पण दार नाही हे तरी तेव्हाच, २०१९ च्या दिवाळीच्या आधी, एखाद्या अधिकाऱ्याने मराठीत हिंदीत बसून लोकांना सांगितलं असतं ना, की बाबांनो असा असा अडथळा आहे, कायदा बदलावा लागेल, दीड-दोन वर्षं लागतील, तर लोक चिडले असते पण त्यांनी घराचा हिशोब तसा लावला असता. पोरीचं लग्न पुढे ढकललं असतं, घर विकायचं की नाही ते ठरवलं असतं.

कायदे बदलले हे मात्र खरं, आणि ते बदलायला या ठेवीदारांचा आरडाओरडा कारणीभूत झाला असं मी मानतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून इन्शुरन्स एक लाखाचा पाच लाख झाला. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, की सप्टेंबर २०१९ मध्येच लायसन्स रद्द केलं असतं तर सगळ्यांना एक लाखच मिळाले असते, लांबल्यामुळे छोट्या-मध्यम ठेवीदाराला पाच मिळाले. हे कोणी ठरवून केलं नव्हतं पण झालं. २०२० मध्येच बँकिंग कायद्यात दुरुस्ती होऊन सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचा अधिकार वाढला. आणि १ सप्टेंबर २०२१ पासून नवीन नियम आला की निर्बंध लागल्यावर ९० दिवसांत इन्शुरन्सचे पैसे द्यायचे, ४५ दिवसांत बँकेने यादी द्यायची, ३० दिवस तपासणी, १५ दिवसांत वाटप. पण पीएमसीवाल्यांचं नशीब बघा, विलीनीकरणाची बोलणी चालू आहेत म्हणून त्यांना त्या पहिल्या वाटपातून बाजूला ठेवलं. ज्यांच्यामुळे नियम झाला तेच परत थांबले.

शेवटी सेंट्रम ही वित्त कंपनी आणि भारतपे ही डिजिटल पेमेंट कंपनी यांनी मिळून युनिटी स्मॉल फायनान्स बँक काढली, साधारण १,१०० कोटी भांडवल, नोव्हेंबर २०२१ पासून सुरू, आणि २५ जानेवारी २०२२ ला पीएमसी तिच्यात विलीन झाली. वाचली म्हणायची का? पाच लाखांपर्यंतवाल्यांसाठी हो, उशिरा पण हो. त्यावरच्यांसाठी स्कीम अशी की पाच लाख इन्शुरन्समधून, मग काही वर्षं थोडे थोडे हप्ते, आणि उरलेली सगळी रक्कम दहा वर्षांनी. ३१ मार्च २०२१ नंतर व्याज बंद, विलीनीकरणापासून पाच वर्षं काहीच नाही आणि त्यानंतर वर्षाला २.७५ टक्के. कोणी म्हणेल मुद्दल तर मिळतंय ना. पण महागाई ६ टक्के धरा, दहा वर्षांनी १०० रुपयांत आजच्या ५६ रुपयांचं सामान येतं. बेल-इन नको म्हणून २०१७ मध्ये देश ओरडला, इथे ठेव कापली नाही, फक्त लांबवली, आणि घरात येणारा पैसा मात्र कमीच झाला. संस्थांचं तर अजून कठीण, इन्शुरन्सच्या वर जी रक्कम होती तिच्यातल्या ८० टक्क्यांचे प्रेफरन्स शेअर, लाभांश १ टक्का, तो पण मिळालाच तर, आणि २० टक्क्यांचे वॉरंट, म्हणजे पुढे कधीतरी शेअर मिळायचा हक्क. यात पतसंस्था होत्या, ज्यांच्यामागे परत छोटे सभासद, आणि रिझर्व्ह बँकेच्याच कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेचे पैसे पण या बँकेत होते. नियामकाच्या ऑफिसात बसणाऱ्यांना पण जर ही बँक चांगली वाटत होती तर 'लोकांनी नीट बघून पैसे ठेवायला हवे होते' हे कोणाच्या तोंडाने म्हणायचं?

१३ फेब्रुवारी २०२५ ला मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तिजोरीतल्या रोख रकमेचा १२२ कोटींचा अपहार निघाला, आणि सुरुवातीला तर एक रुपया पण काढायला परवानगी नव्हती. दुसऱ्या दिवशी शाखांबाहेर तेच चित्र, लॉकरसाठी टोकन, वयस्कर माणसं, तोच प्रश्न, कधी मिळणार. पण यावेळी विचारणाऱ्याला एक उत्तर होतं, ९० दिवस, म्हणजे १४ मे, पाच लाखांपर्यंत. २७ फेब्रुवारीपासून पंचवीस हजार काढता यायला लागले, आणि ऑगस्टमध्ये सारस्वत बँकेने ती बँक आपल्यात घेतली. सहा महिन्यांच्या आत. त्याच दिवसांत पीएमसीच्या मोठ्या ठेवीदारांच्या हातात अजून २०३२ ची तारीख होती.